ऑलिव्हच्या पाण्यातल्या कैऱ्या

आये, तुझी बरणी मी उघडली. बाबा विहाराच्या रंगकामावर देखरेख करायला गेले होते, घरात मी एकटी होते आणि वेळ दुपारची. पळसदरीला थंडीतल्या दुपारी किती शांत असतं ते तुला सांगायला नको. घाटातून उतरणाऱ्या गाडीचा आवाज तेवढा येतो, तोही आला की गेला. हे पत्र तुला पोचणार नाही हे मला कळतं. मेलेलं माणूस मागं फिरत नाही, असं बाबांनी लहानपणीच बजावून ठेवलंय. भूतखेत, देवऋषी, उतारे हे सगळं म्हणे आपल्या आज्यानं धर्म बदलला त्याच दिवशी वेशीबाहेर टाकलं. मी मान डोलावत मोठी झाले. पण भूत नाही असं ठरवलेल्या घरात एखादं माणूस छळायला लागलं, तर त्यावर उतारासुद्धा काढता येत नाही, ही अडचण आज्याच्याही ध्यानात आली नसावी आणि बाबांच्याही. तू मला छळतेस. वाईट वाटून घेऊ नको, दुसरा शब्द सापडत नाही. म्हणून लिहायला बसले.

तू खालापूरच्या त्या कारखान्यात लागलीस तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. परदेशातून कंटेनर यायचे, कंटेनरात निळे ड्रम, ड्रमात खारं पाणी आणि पाण्यात ती फळं. तुम्ही बायका ती उपसून पट्ट्यावर पसरायचात, मऊ पडलेलं, डागी असेल ते बाजूला काढायचात, बाकीची धुऊन बाटल्यांत भरायचात. बाटलीवर ऑलिव्ह लिहिलेलं असायचं, पण तुमच्यातली एकही बाई तो शब्द वापरायची नाही. दिसायला भोकरासारखी, म्हणून भोकरं. पहिल्याच दिवशी घरी येऊन तू बाबांना म्हणालीस, "आवो, गोऱ्यांची भोकरं हायत ती. लोनचं घालाया येत नाय त्यांना, नुसतीच पान्यात बुडवून धाडत्यात." बाबा म्हणाले, "मंग जा की तिकडं शिकवाया, इमानात बसून." तू हसलीस आणि कोपरापर्यंत साबण लावून हात घासत बसलीस. तो वास तरी गेला नाही. खारट, आंबूस, थोडा कुजलेल्या पाल्यासारखा. पदराला, केसांना, हाताच्या रेषांना तो बसला तो बसलाच. भाकरी थापायला लागलीस की तव्यावरूनही यायचा. मला तो अजिबात आवडायचा नाही. जेवताना मी नाक मुरडायचे आणि तू म्हणायचीस, "ह्याच वासावं तुजी फी जाते, पोरी."

ड्रम रिकामा झाला की त्यातलं पाणी मागच्या गटारात सोडून देत. रोजच. ते तुला बघवायचं नाही. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे तुला तुझ्या आईनं सांगितलेलं, आणि बाबांची कितीही भाषणं ऐकलीस तरी तुझ्या डोक्यातून ते गेलं नाही. वंदनेला डोळे मिटून बसायचीस, पण कुणाच्या हातून मीठ पडलं की पहिल्यांदा तुझेच डोळे उघडायचे. एकदा ओट्याशी उभी राहून तू मला खरोखरच्या काळजीनं विचारलंस, "चिमूटभर सांडलं तर पापन्यांनी उचलाया लागतं. मंग त्या सायबाला किती जल्म पापन्या लागतील गं?" बाबा बाहेरून ओरडले, "जल्म येकच असतो! आन मीठ झाडूनं उचलायचं असतं!" पण एप्रिलात कैऱ्या आल्या, ठाकूरवाडीच्या बायका पाट्या घेऊन कर्जतच्या बाजारात बसल्या, तेव्हा तू कारखान्यातून एक कॅन भरून ते पाणी घरी घेऊन आलीस. मुकादमानं विचारलं, कशाला? तू सांगितलंस, भांडी घासाया. तोंडाचा टवका उडालेली काचेची मोठी बरणीही तिथलीच, टाकून दिलेली. तीत अख्ख्या कैऱ्या रचल्यास, वरून ते गढूळ तपकिरी पाणी ओतलंस, धुतलेला दगड ठेवलास, झाकण घालून वर फडकं बांधलंस. खारातल्या कैऱ्या आपल्याकडे कोण घालत नाही! पण पाणी आपलं असतं आणि मीठ आपलं असतं. परक्या फळाचं उष्टं पाणी आपल्या कैऱ्यांना घालायचं, हे तुलाच सुचावं.

श्रावणात पहिली कैरी निघाली. गरम भात, वरण, आणि ताटात कापलेल्या फोडी. मी एक फोड तोंडात टाकली आणि अंगणात पळत जाऊन थुंकले. आंबट नव्हे, खारट नव्हे, कडू! जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा, घशाला खरवडणारा कडूपणा. तू दारात आलीस. मला वाटलं पाणी देशील. "थुकायचं नाय," तू म्हणालीस. "अन्न हाय. कडू लागलं तर गिळायचं, पर थुकायचं नाय." एवढ्या हळू आवाजात तू कधी रागावली नव्हतीस, म्हणून ते लक्षात राहिलं. आत बाबा एक डोळा बारीक करून फोड चावत होते. "औशिद हाय औशिद," म्हणाले, आणि आणखी एक उचलली. आळीतल्या बायकांनी तुला सोडलं नाही. हिच्या कैऱ्यांना दृष्ट लागली, हिच्या कैऱ्या कारल्याच्या वेलावर धरल्या, काय काय. पण दसऱ्यापर्यंत त्यांच्या बरण्यांवर पांढरा बुरा चढला, कैऱ्या पिचपिचीत झाल्या, आणि तुझ्या मात्र दगडासारख्या टणक. पुढचा उन्हाळा आला तरी तळाच्या दोन-तीन तशाच. वाटीत घालून घरोघरी दाखवत फिरलीस. "बगा, मरतच नायत मेल्या!" त्यानंतर दर वर्षी तू त्याच पाण्यात कैऱ्या घातल्यास. कुणी खावो न खावो.

तू गेलीस ते साल मला लिहायचं नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हॉस्टेलवर होते. पावसाचं पाणी कारखान्यात शिरलं, तुम्ही बायका त्या घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून ड्रम ओढत होतात, आणि मग तुला ताप आला. कर्जतच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तिथून पनवेलला नेलं. मी पोचले तेव्हा तू बोलत होतीस, पण माझ्याशी नाही. मऊ निघालेली फळं कुठे टाकायची ते कुणाला तरी समजावून सांगत होतीस. आठवडाही लागला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आलेल्यांची जेवणं चालली होती. कुठली तरी मावशी फळीवर बरणी बघून म्हणाली, काढा की त्यातल्या पंगतीला. त्या वर्षीच्या कैऱ्या होत्या, फडकंही सुटलं नव्हतं. मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की वाढणारे थांबले. "हिला कुणी हात लावायचा नाही. कुणीच नाही." बाबांनी माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. नाय लावनार कोन."

तेव्हापासून तू आहेस, आये. दिसत नाहीस, पायरव नाही, पैंजणं नाहीत. तसलं काही असतं तर मी बाबांच्या तोंडावर मारलं असतं. तुझा फक्त अंगठा येतो. पट्ट्यावर फळ मऊ आहे की टणक हे तू अंगठा दाबून बघायचीस, आणि दिवसभर ते केल्यावर झोपेतही तुझा अंगठा हलायचा. मी तुझ्या कुशीत असायचे. माझ्या दंडावर, मनगटावर तुझा अंगठा दाबायचा, सुटायचा, दाबायचा. तू गेल्यावर हॉस्टेलच्या वाचनालयात भर दुपारी, दिवे लागलेले, माणसं बसलेली, मनगटावर तसाच दाब आला. मी हात झटकला. शेजारच्या मुलीनं विचारलं, मुंगी का? मी म्हटलं, हो. त्यानंतर तो येत राहिला. परीक्षेत आला, माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आला, शेलूच्या नव्या फ्लॅटची किल्ली हातात घेतली तेव्हाही आला. मी टणक आहे की मऊ पडले, हेच तू बघत असतेस असं मला वाटायचं. भीती वाटायची. आणि बरेच दिवस आला नाही की त्याहून जास्त भीती वाटायची.

एम.एस्सी.ला एक तास असा झाला की माझं पुढचं सगळं आयुष्य त्यानं ठरवलं. ज्या देशांत ऑलिव्हचं तेल काढतात तिथे चोथ्याचे डोंगर आणि काळ्या पाण्याची डबकी मागे उरतात, असं सर सांगत होते. ते पाणी जमिनीत सोडलं तर जमीन जळते, ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. पण फळातली सगळ्यात मोलाची द्रव्यं तेलात थोडी आणि या टाकाऊ पाण्यातच जास्त असतात. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तेल जुनं झालं की खवट होतं. हवा लागून जे जे बिघडतं ते ही द्रव्यं थोपवतात. हवेचा मारा आधी स्वतःवर घेतात आणि ज्यात मिसळलीत त्याला सांभाळतात. चवीला कशी असतात, कुणी तरी विचारलं. सर म्हणाले, भयंकर कडू. आये, मी पेन खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांसमोर ती वाटी आली, त्या टणक कैऱ्या आल्या, मरतच नायत मेल्या. तुला यातलं काहीही माहीत नव्हतं, तुला फक्त मीठ वाया जाऊ द्यायचं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तू गेल्यावर पहिल्यांदाच मला वाटलं की तू माझ्यासाठी काही तरी मागे ठेवून गेलीस, आणि ते आपल्या घरात, फळीवर, काचेच्या बरणीत आहे.

मी आता तेच काम करते. खालापूरच्याच बाजूला, तुझ्या कारखान्यापासून लांब नाही, एक छोटंसं युनिट आहे. मालक श्रीवर्धनकडचे, घरचा खजूर-सुक्यामेव्याचा व्यापार, त्यांना सगळे साहेब म्हणतात. ऑलिव्ह भरणाऱ्या कारखान्यांतून ड्रमांत उरलेलं पाणी आमच्याकडे टँकरनं येतं. ते गाळायचं, मग उंच नळकांड्यांतून सावकाश सोडायचं. नळकांड्यांत मोहरीएवढे मणी भरलेले असतात. मीठ त्यांना ओलांडून निघून जातं आणि ती कडू द्रव्यं मण्यांना धरून बसतात. नंतर अल्कोहोल सोडून ती सोडवून घ्यायची, अल्कोहोल उडवायचं, उरेल ते वाळवायचं. टँकरभर पाण्यातून परातीत मावेल एवढी तपकिरी पूड निघते. तेल खवट होऊ नये म्हणून ती तेलवाले घेतात, कातडी सुरकुतू नये म्हणून क्रीमवाले घेतात. पहिली पूड निघाली तेव्हा मी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावली. मशीन चालू होती, दोन पोरं टाकी धूत होती, आणि मी तिथे उभी राहून ढसढसा रडले. साहेब धावत आले, त्यांना वाटलं डोळ्यात अल्कोहोल उडालं.

आणि घरी बरणी होतीच. दर सुट्टीत पळसदरीला गेले की पायातल्या चपला काढायच्या आधी मी फळीकडे बघायचे. असायची. काचेतून त्या शेवाळी रंगाच्या कैऱ्या दिसायच्या, अंगावर सुरकुती नाही, वर बुरा नाही. वर्षं गेली, आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्या गेल्या, तुझ्या कैऱ्या काही हलल्या नाहीत. बाबा कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. "हवा लागंल," म्हणायचे. उन्हाळ्यात मी गेले तर फळी रिकामी असायची. विचारलं की म्हणायचे, माळ्यावर ठेवली, ऊन सोसत नाय तिला. मी त्यांना शाबासकी दिली! प्रकाश आणि उष्णता या दोन गोष्टींनी ही द्रव्यं मरतात, तुम्ही अगदी बरोबर करता, असं मी त्यांना फळ्यासमोर उभी राहिल्यासारखं समजावलं. ते ऐकून घ्यायचे आणि बिडी शोधायला बाहेर जायचे. एका वर्षी कैऱ्या मला जरा मोठ्या वाटल्या. काच फुगीर आहे, मी स्वतःला सांगितलं. माझ्या हाताखालच्या पोरानं असं कारण दिलं असतं तर मी त्याला दिवसभर बाटल्या धुवायला लावल्या असत्या.

गेल्या ईदनंतर साहेब शिरखुर्म्याचा डबा घेऊन पळसदरीला आले होते. बाबांशी गप्पा मारता मारता त्यांचं लक्ष बरणीकडे गेलं. मी आपली उत्साहानं सगळी गोष्ट सांगून बसले. साहेब खुर्चीतून उठलेच. "मॅडम, हे तुम्ही मला इतकी वर्षं सांगितलं नाही? लोणचंवाली पार्टी येतेय, पूड घ्यावी की नाही म्हणून अडून बसलीय, आणि तुमच्या घरात चालताबोलता पुरावा पडून आहे!" मी त्यांना समजावलं की एका बरणीनं काहीच सिद्ध होत नाही, नुसत्या मिठानंही टिकल्या असतील, शेजारी साध्या पाण्याची बरणी ठेवली असती तर ती खरी परीक्षा. ते मला पटवत होते आणि मी त्यांना, पण माझ्या मनात दुसरंच सुरू झालं होतं. नुसत्या मिठानं टिकल्या असतील तर? मी जे तुझं म्हणून उराशी धरलंय ते त्या पाण्यात आहे की नाही, हे जाणून घ्यायला माझ्याकडे यंत्र आहे, शिक्षण आहे, आणि मी आजवर झाकणाला हात लावलेला नाही. का नाही लावला? साहेब गेल्यावर मी बाबांना म्हटलं, उघडूया का? ते म्हणाले, "पावसाळा हुं दे." पावसाळा झाला. "थंडी पडूं दे." थंडी पडली. मग ते म्हणाले, "कशाला गं मेलेल्यांना उकरायचं?" भूत नाही म्हणणारा माणूस असं बोलला!

म्हणून ते विहारात गेलेले बघून मी उघडली. बरणी खाली घेतली, तुझ्या ओट्यावर ठेवली. फडक्याची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. मी तुला खरं सांगते, मी घाबरले होते. झाकण निघेल आणि तो वास येईल, तुझ्या पदराचा, केसांचा, तव्यावरचा, आणि त्याच्यामागून तू येशील, याची मी तयारी करून उभी होते. मनगट मी पुढे करून ठेवलं होतं. हसशील, पण ठेवलं होतं. झाकण काढलं. मिठाचा वास आला. कैरीचा आला, छान आला, तोंडाला पाणी सुटावं असा. मी वाकले, नाक पाण्याजवळ नेलं. तिसरं काही नव्हतंच. मग एक कैरी काढली, कापली, फोड जिभेवर ठेवली. आंबट, खारट, करकरीत. मी सावकाश चावत राहिले आणि जिभेच्या मुळाशी तो कडूपणा कधी येतोय याची वाट बघत राहिले. फोड संपली. दुसरी घेतली. आये, कैरी फार चवदार होती.

तरी मी बाटलीभर पाणी कामावर नेलं. जिभेवर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या धंद्याचं पहिलं शिक्षण. यंत्रातून कागद निघतो, त्यावर एकेका द्रव्याचा एकेक सुळका उभा राहतो. आमच्या कडू द्रव्याचा सुळका कुठे येतो ते मी झोपेतही सांगेन. तिथे कागद सपाट होता. इतक्या वर्षांत ते मरून गेलं असेल, असा एक आधार मी मनाशी धरून ठेवला होता. पण मग त्याचे तुकडे तरी दिसले असते, तेही नव्हते. उलट कैरीतलं जे नाजूक, जे सगळ्यात आधी नासतं, ते ताजंतवानं उभं होतं. या उन्हाळ्यातल्या कैऱ्या होत्या त्या. शिकलेलं विसरून त्या कागदाचा वेगळा अर्थ लावता येईल का, हे मी बराच वेळ बघितलं. साहेबांना सांगितलं, नमुना उपयोगाचा नाही. ते हळहळले. लोणचंवाल्यांनी आमच्या पुडीची वेगळी चाचणी करून बघायचं कबूल केलंय, बघू काय होतं.

रविवारी पळसदरीला गेले. बाबा पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मी शेजारी बसले, सूप जवळ ओढलं. "बाबा, बरणीतल्या कैऱ्या कुठल्या?"

त्यांचा हात थांबला नाही. "उगाडलीस व्हय?"

"उघडली."

"मना वाटलंच. तू गाठ नीट बांदली नवतीस." मग बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर म्हणाले, "धरनाच्या कडंला ते आंब्याचं झाड हाय ना, तिथल्या. दर साली तिथल्याच आनतो. येका मापाच्या मिळतात."

"दर साली म्हणजे कधीपासून?"

"तू हॉस्टेलला परत गेलीस, त्याच पावसात. कामावनं यायचो, भात टाकायचो. तोंडी लावाया काय? घरात दुसरं काय नवतंच. आन ती करून गेली व्हती. अन्न हाय, ठिवून काय करायचं? खाल्लं."

"सगळ्या?"

"सगळ्या. लय कडू गं. त्या सालच्या तर लयच. येकेक फोड चगळत बसायचो, रडू बी यायचं, जेवन बी व्हायचं. दिवाळीच्या आदी सपल्या. पानी आमटीत घालून सपवलं."

मी एक शेंग सोलली. तेच पुढे बोलायला लागले, शेंगांकडे बघत. "मंग दिवाळीला तू येनार. तू उंबऱ्यात पाय ठिवलास की पयली फळीकडं बगतीस. तुला रिकामी कशी दावू? शेजारनीकडनं मागून आनल्या, तिच्या खारातल्या, भरून ठिवल्या. म्हनलं, पोरगी हाय, वरीसभरात इसरंल. तू नाय इसरलीस. मंग मी बी नाय सोडलं. आन वर तू त्याच्यावंच शिक्शान केलंस! नोकरी केलीस! तवा तर माजं तोंडच शिवलं."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुजी आय मी खाल्ली म्हनून?"

आणि ते हसले, आये. डोळे पुसत हसले. त्या हसण्यात त्यांना काहीच छळत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. तुझं-त्यांचं त्या पावसातच निपटलं होतं. ताटात, भाताबरोबर, एकेक फोड करत. आणि मी, शिकलेली, इतकी वर्षं धरणाच्या कडेच्या आंब्यांपुढे श्वास रोखून उभी राहत होते. तू कुठे आहेस मग? पूड करते त्यात? ती तर दुसऱ्याच कुणाच्या ड्रमातली. कालपासून मनगटावर काही आलेलं नाही. येईल, न येईल, मला माहीत नाही.

सूप उचलून मी आत गेले आणि वालाचं बिरडं टाकलं. बाबांशी चांगलं बोलले, त्यांना वाढलं. त्यांनी दोनदा विचारलं, रागावलीस काय गं? मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. फसवल्याचा राग मी पोटात घातला असं त्यांना वाटतंय, आणि ते निवांत झालेत. तसंच राहू दे. खरं काय ते त्यांना सांगायची माझी छाती नाही. हा कागदही मी चुलीत घालणार आहे, म्हणून तुझ्यापुरतं बोलते. फसवल्याचं मला काहीच वाटलेलं नाही, आये. तुझ्या कैऱ्या त्यांनी एकट्यानं संपवल्या आणि माझ्यासाठी एक फोडसुद्धा ठेवली नाही, ह्याचा मला राग आलाय, आणि तो जात नाही.